समोरच्या टीमबद्दल

"हो, येईल ना," असं नंदा बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिला नंतर कळलं. तोवर फोन बंद झाला होता. बस हॉस्पिटलच्या टेकडीवरून खाली उतरत होती, नदीकाठची झाडं अजून हिरवीगार होती आणि समोरच्या सीटवर निळ्या टी-शर्टातलं एक पोरगं मान टाकून झोपलं होतं. फोन प्रीताचा होता. प्रीता यवतमाळची, गेल्या वर्षी मास्टर्स करायला ॲन आर्बरला आली आणि महिन्यातून एकदा बुद्धवंदनेला जमणाऱ्या मंडळींत नंदाला भेटली. "जयभीम काकू, बिझी आहात का? एक विचारायचं होतं," अशी ती सुरुवात करते तेव्हा बहुतेक कुकरची शिटी किंवा थंडीतले बूट असं काहीतरी असतं. आज तिनं विचारलं होतं, की रवीकाका सीझनच्या पहिल्या मॅचआधी ग्रुपवर जे बोलून टाकायचे, फुटबॉलचं, मराठीतून, ते यंदा येणार आहे का? "मी काकांना ऐकलंच नाही कधी. पण सीनियर लोक सांगतात ना, की ते ऐकल्याशिवाय मॅचला गेलं तर काही कळतच नाही. शनिवारी आम्ही सगळे जातोय. म्हटलं, काकूंना विचारावं." आणि उद्या दूध येईल का असं कुणी विचारावं तशी नंदा म्हणाली होती, हो, येईल ना. तिच्या नवऱ्याला, रवीला, जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. ज्या ग्रुपवर तो बोलायचा तो तिनं म्यूट करून ठेवला होता. आणि इथल्या या हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलमधलं तिला एवढंच माहीत होतं, की मॅचच्या शनिवारी रस्ते बंद होतात, तेव्हा भाजी शुक्रवारीच आणावी. तिचा स्टॉप आला आणि गेला. पुढच्या स्टॉपवर ती उतरली तेव्हा तिला जाणवलं, की आपण फोन अजून कानाशीच धरलाय.

एक स्टॉप मागे चालत येताना तिला स्वयंपाकघरातला रवी दिसत राहिला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी त्याला स्वयंपाकघरच लागायचं. दिवाणखान्यात आवाज घुमतो म्हणायचा. मग तिनं एक्झॉस्ट फॅन बंद करायचा, गॅस बारीक करायचा, झाकणं वाजवायची नाहीत. खिडकीशी उभा राहून, फोन तोंडापुढे आडवा धरून तो सुरू करायचा. काउंटीत पुलांची तपासणी करणारा माणूस, दिवसभर खांबांना पडलेल्या भेगा बघणारा, घरी तसा कमी बोलणारा. पण त्या दिवशी त्याचा कामठीचा आवाज बाहेर यायचा. "पोरांनो, घाबरू नका. हा खेळ म्हणजे कबड्डी आणि जमिनीची मोजणी यांचं लग्न आहे. दहा यार्ड जमीन, चार प्रयत्न. मिळाली तर पुढची दहा. नाही मिळाली, तर सातबारा समोरच्याच्या नावावर." तिला हसू यायचं आणि हसायचं नसायचं, कारण ते रेकॉर्ड झालं असतं. भेंडी करपायची. आपल्या टीमबद्दल, म्हणजे विद्यापीठाच्या टीमबद्दल, तो दोन-चार वाक्यांत आटपायचा. यांच्याबद्दल सगळं गाव बोलतंय, मी काय वेगळं सांगू. मग तो घसा खाकरून म्हणायचा, "आता समोरच्या टीमबद्दल." आणि तिथून त्याला थांबवणं कठीण. पहिल्या मॅचला नेहमी कुणीतरी लहानसं कॉलेज यायचं, नाव कधी ऐकलेलं नाही असं. मोठ्या टीमनं सीझनआधी हातपाय मोकळे करावेत म्हणून बोलावलेलं. रवी त्यांचं गाव सांगायचा, नदी सांगायचा, तिथे काय पिकतं ते सांगायचा, कोण पोरगा कुठून आला ते सांगायचा. नावं नीट उच्चारायचा. सगळ्यात शेवटी स्कोअर. आणि स्कोअर सांगताना मात्र कधी त्या बिचाऱ्यांच्या बाजूनं खोटं बोलायचा नाही. पन्नास-सात म्हणजे पन्नास-सात. "एवढं कौतुक केलंस आणि शेवटी हरवलंसच ना त्यांना," ती एकदा म्हणाली होती. तो फक्त म्हणाला, "मी कुठे हरवलं? ते हरणारच आहेत," आणि करपलेली भेंडी ताटात वाढून घेतली.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला. प्रीताला मेसेज करून सांगावं, चुकून हो म्हणाले गं. तिनं दोनदा लिहून पुसलं. खरं म्हणजे तिला आधीपासून सांगितलेले निकालच नको वाटायचे. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये ती दिवसभर तेच काम करायची, मेणात बसवलेल्या पेशींचे पातळ काप काढायचे, काचेवर ठेवायचे, पुढे पाठवायचे. काचेवर काय आहे ते डॉक्टर बघायचे. तिला बघायचं नसायचं. इतकी वर्षं काम करून थोडं कळायला लागलं होतं तरी नाही. आणि मग त्या हिवाळ्यात रवीच्या बाबतीत सांगणारा डॉक्टर समोर बसला. फार भला माणूस. खुर्ची जवळ ओढून, हात गुडघ्यांवर ठेवून, त्यानं अशा केसमध्ये साधारण काय होतं, किती महिन्यांत होतं ते सांगितलं. वसंत ऋतू दिसेल असं धरून चालू नका, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या वाक्यांत वसंताचं नाव आलं नाही हे दोघांनाही कळलं. परतताना गाडी रवीच चालवत होता. वायपर बर्फ ढकलत होते. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "स्प्रेड मोठा आहे बे." ती म्हणाली, "गप्प बस." स्प्रेड या शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता, पण सूर कळला, आणि तो सूर तिला सहन होण्यासारखा नव्हता. त्यानंतर तो त्याबद्दल बोलला नाही. गटार साफ करायचं बोलला, छताच्या पत्र्याचं बोलला, डाळीत मीठ कमी आहे म्हणाला. कधीतरी "नंतर तू" एवढं म्हणून थांबायचा, आणि तिला नेमकं तेव्हाच मिक्सर लावायची आठवण व्हायची. आता घरात मिक्सर क्वचितच लागत होता. ती एकटी, एकटीला चटणी किती लागते.

रविवारी शिवचा फोन आला. शिव तिचा मुलगा, मॉरिसव्हिलला असतो, बायको नैना आणि सव्वा वर्षाच्या लेकीबरोबर. त्यानं खालच्या मजल्यावरची एक खोली आईसाठी रंगवून ठेवली होती, खिडकीला पडदेसुद्धा लावले होते, आणि दर रविवारी तो विचारायचा, डिड यू थिंक अबाउट इट? ती म्हणायची, बघू. मग तो हवेबद्दल विचारायचा, ती नातीच्या दातांबद्दल. दोघंही रवीला मध्ये ठेवून, त्याच्या दोन बाजूंनी, त्याला धक्का न लावता बोलत राहायचे. आज त्यानं विचारण्याआधीच ती म्हणाली,

"शिव, स्प्रेड म्हणजे काय रे?"

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज चालू होता.

"व्हॉट स्प्रेड? लाइक, ऑन ब्रेड?"

"फुटबॉलमधला."

"आई, तू फुटबॉल का विचारतेयस?"

तिनं प्रीताचं सांगितलं. आपण हो म्हणालो तेही सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. बहुतेक खोलीतून बाहेर जाऊन त्यानं दार लावलं असावं, कारण भांडी थांबली. मग तो हळूहळू, इंग्रजीत, लहानपणी तिला कॉम्प्युटर शिकवायचा त्या सुरात सांगायला लागला. की एक टीम मोठी असते, एक लहान. कोण जिंकणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात काही मजा नाही. म्हणून जाणकार लोक एक आकडा काढतात, लहान टीम साधारण किती पॉइंटनं हरेल त्याचा. तोच स्प्रेड. "सो इट्स नॉट अबाउट विनिंग. इट्स, लाइक, हाउ मच दे एक्स्पेक्ट यू टू लूज बाय."

नंदा खुर्चीवर बसली. अंगणात शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाला नाक लावून उभा होता.

"बाबा मला म्हणाला होता," ती म्हणाली. "डॉक्टरकडून येताना. स्प्रेड मोठा आहे म्हणून. मी त्याला गप्प बस म्हणाले."

"ही सेड दॅट टू यू?"

"हो."

"मला पण म्हणाला." हे शिव मराठीत बोलला, पण त्याचं त्यालाही कळलं नसावं. पुढचं पुन्हा इंग्रजीत आलं, अडखळत. तो त्या हिवाळ्यात आला होता तेव्हा दोघं ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, म्हणजे शिव काढत होता आणि बाबा गॅरेजमध्ये स्टुलावर बसून चुका काढत होता. तेव्हा बाबा म्हणाला, की शिव, ही मॅच काही आपण जिंकत नाही. पण त्यांनी जेवढ्यानं हरणार म्हणून सांगितलंय ना, त्याहून कमीनं हरू. बघू किती जमतं ते. "आई, आय जस्ट केप्ट शॉव्हलिंग."

आणि मग ज्या गोष्टीबद्दल ते वर्षभर बोलले नव्हते त्या गोष्टीबद्दल ते बोलत बसले. एप्रिलमध्ये रवीला डॅफोडिल दिसले. त्यानं काठी घेऊन कुंपणापर्यंत जाऊन ते बघितले होते आणि ही फुलं म्हणजे उगाच कर्णे लावल्यासारखी दिसतात म्हणाला होता. मे महिन्यात लायलॅक. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिव आणि नैना तीन आठवड्यांच्या पोरीला गाडीत घालून इतक्या लांब आले, रस्त्यात दर दोन तासांनी थांबत. रवीच्या हातांत ताकद नव्हती म्हणून त्याच्या दोन्ही कुशींना उशा लावून नातीला त्याच्या छातीवर ठेवलं होतं. ती झोपली होती आणि तो श्वाससुद्धा जपून घेत होता. हे सगळं डॉक्टरच्या आकड्याच्या पुढचं होतं. नंदाला हे दिवस माहीत होते, त्यातला एकेक दिवस ती जगली होती, पण ते कशाच्या पुढचे आहेत हे तिनं कधी मोजलं नव्हतं, कारण तो आकडाच तिनं मनात टिकू दिला नव्हता.

"ही कव्हर्ड, आई," शिव म्हणाला.

"म्हणजे?"

"दॅट्स व्हॉट इट्स कॉल्ड. हरलास, पण सांगितलं होतं त्याहून कमीनं हरलास, तर म्हणतात यू कव्हर्ड."

त्याचा आवाज बारीक झाला होता, दहावी-अकरावीत फुटायच्या आधी होता तसा. ती म्हणाली, "नाक पूस." तो म्हणाला, "यू टू." त्या रविवारी त्यानं खोलीबद्दल विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, की समोरच्या टीमची माहिती तो शोधून पाठवेल. गेल्या सीझनला त्यानं एकही मॅच बघितली नव्हती, टीव्ही लावला की बंद करावासा वाटायचा.

त्यानं पाठवलेलं सगळं इंग्रजी होतं आणि आकड्यांनी भरलेलं होतं. विद्यापीठाच्या टीमबद्दल पानंच्या पानं. समोरच्या टीमचं नाव सॉल्ट प्रेअरी स्टेट, आणि त्यांच्याबद्दल बहुतेक ठिकाणी एकच परिच्छेद, त्यातही अर्धा त्यांना कसं लवकर गुंडाळता येईल याबद्दल. एका लेखात तर त्यांच्या खेळाडूंची नावं न देता नुसते जागांचे उल्लेख होते, की त्यांचा सेंटर ठीक आहे, क्वार्टरबॅक अनुभवी नाही. नंदाला लॅबमधली बिननावाची काच आठवली. अशी काच आली तर ती पुढे पाठवायची नसते. आधी फोन करायचा, ही कुणाची आहे विचारायचं. बुधवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर ती लॅबच्या मागच्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं त्या कॉलेजच्या वेबसाइटवर दिलेला नंबर लावला. फार विचार केला असता तर लावला नसता. पलीकडे एका बाईनं उचलला, वयस्कर, मोकळ्या गळ्याची. आपलं नाव लोरीन म्हणाली.

"मला तुमच्या काही खेळाडूंच्या नावांचे उच्चार हवे होते," नंदा म्हणाली. "मी ॲन आर्बरहून बोलतेय."

"उच्चार?" लोरीन म्हणाली. "तिकडून? तुम्ही कुठल्या पेपरच्या?"

"पेपर नाही. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मला मॅचबद्दल मराठीत सांगायचंय. ही आमची भारतातली भाषा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लोरीन नीट बसली असावी. "सांगा हनी, कुणाकुणाची नावं?"

सेंटरचं नाव व्हॉयचिक. तोच चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो आणि मग पुढच्याच क्षणी अंगावर येणाऱ्या दोन माणसांना अडवतो. सुगीच्या दिवसांत तो काकाच्या शेतावर मक्याचं यंत्र चालवतो आणि सरावाला येतो तेव्हा कानांत भुसा असतो. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक टकर होल्म; त्याच्या पुढचे दोघं जखमी झाले म्हणून याला खेळवतायत, आणि बोलताना त्याची जीभ अडते, पण मैदानावर हाका मारताना अजिबात अडत नाही. लांब पळून चेंडू झेलणारा ओकोंक्वो. दुसरं अक्षर नाकातून, लोरीननं तीनदा म्हणून दाखवलं आणि नंदानं तीनदा म्हटलं. ही माणसं आदल्या दिवशी सकाळी बसनं निघणार होती. लोरीनही येणार होती. टीमचे कपडे, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या तिच्याकडे असतात.

"तुम्हाला काय वाटतं, काय होईल?" नंदानं विचारलं.

लोरीन मोठ्यानं हसली. "आम्ही हरणार. चांगल्याच फरकानं."

"मुलांना माहीत आहे?"

"त्यांना वाचता येतं ना."

"मग निघताना तुम्ही त्यांना काय सांगता?"

"मी? मी सांगते, टॉवेल बसमध्ये विसरू नका." मग ती म्हणाली, "पोरांना ते मोठं स्टेडियम बघायचंय हो. आठवडाभर दुसरं काही बोलत नाहीयेत."

गुरुवारी ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा नंदानं एक्झॉस्ट फॅन बंद केला. गॅसवर काही नव्हतंच. फोन आडवा धरावा की उभा, हे तिला कळेना. पहिल्यांदा ती बोलली ते लॅबच्या रिपोर्टसारखं झालं, तिनं पुसलं. दुसऱ्यांदा रवीचं कबड्डी आणि मोजणीचं वाक्य घेऊन बघितलं, पण ते तिच्या तोंडात उसनं वाटलं, त्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडून घातल्यासारखं. तिसऱ्यांदा ती खुर्चीवर बसली आणि प्रीता समोर बसून चहा पितेय असं समजून बोलली.

"जयभीम, नमस्कार. मी नंदाकाकू. मला यातलं काही येत नाही, या आठवड्यात जेवढं शिकले तेवढं सांगते. मॅच शनिवारी दुपारी आहे, टोप्या घाला आणि आधी जेवून जा. आपली टीम फार मोठी आहे. तिच्याबद्दल तुम्हाला बसचा ड्रायव्हरसुद्धा सांगेल. मी समोरच्या टीमबद्दल सांगते. त्यांचं कॉलेज लहान आहे, आजूबाजूला मक्याची शेतं आणि सपाट जमीन. ती मुलं बसमधून येतायत. मध्यभागी वाकून जो चेंडू मागे देतो त्याच्याकडे आधी बघा, कारण त्याच्याकडे कुणीच बघत नाही. त्याचं नाव व्हॉयचिक..."

असं ती बोलत गेली. टकर होल्मबद्दल सांगितलं, त्याची जीभ अडते ते सांगितलं नाही. ते त्याचं त्याच्यापाशी. ओकोंक्वोचं दुसरं अक्षर नाकातून काढलं. दहा यार्ड आणि चार प्रयत्न समजावून सांगितले, दोनदा चुकली, चूक तशीच ठेवून पुढे गेली. आणि मग स्कोअरपाशी आली. "रवीकाका स्कोअर सांगायचे," ती म्हणाली, "म्हणून मी पण सांगते." फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. तिला वाटलं, आपण आत्ता उठून काहीतरी सुरू करू, नळ, रेडिओ, काहीही. टेबलाच्या कडेला तिनं अंगठा दाबून धरला. कुणी हरणार आहे हे मोठ्यानं म्हटलं की आपणच त्याला हरवतो असं तिला जन्मभर वाटत आलं होतं; म्हणून तर तिनं त्या माणसाला सिग्नलवर गप्प केलं, आणि तो बिचारा हसून गप्प झाला आणि त्यानंतर एकटाच हिशेब ठेवत राहिला, डॅफोडिल झाले, लायलॅक झाला, पोरगी झाली. तिला हे माहीत असतं तर तीही त्याच्याबरोबर मोजत बसली असती. कदाचित टाळ्या वाजवल्या असत्या. "आपले अठ्ठेचाळीस," ती म्हणाली, "आणि त्यांचे दहा. म्हणजे ते हरतील. त्यांनाही ते माहीत आहे, मी फोन करून विचारलंय. पण मॅच चार क्वार्टरची असते. चारही बघा. एवढंच." आणि दुसऱ्यांदा न ऐकता तिनं ते ग्रुपवर सोडलं.

थोड्या वेळानं उत्तरं यायला लागली. पोरांची हृदयं, हसरे चेहरे. रवीचा जुना मित्र श्रीरंग, ज्यानं गेल्या वर्षभरात तिला फक्त सणावारी मेसेज केले होते, त्यानं लिहिलं, "वहिनी, दहा यार्डांचं, फर्स्ट डाउनचं, चुकीचं सांगितलंत. बाकी उत्तम." मग त्याचाच दुसरा मेसेज आला, की त्याच्याकडे एक जादा तिकीट आहे आणि ते तो प्रीताकडे देऊन ठेवतोय. तिनं बराच वेळ ते वाचलं. इतकी वर्षं मॅचच्या शनिवारी स्टेडियमच्या ज्या आवाजाला ती खिडक्या बंद करायची तो आवाज आतून कसा असेल, असं तिच्या मनात आलं.

आतून तो आवाज कानांत शिरतच नव्हता, छातीच्या हाडावर येऊन बसत होता. शनिवारी दुपारी स्टेडियमच्या वरच्या ओळींत प्रीता आणि तिच्या मैत्रिणींच्या मध्ये नंदा बसली होती, डोक्यावर पिवळी टोपी, मांडीवर चिवड्याचा डबा. खाली हिरवा आयत, त्यावर दाणे सांडावेत तशी माणसं. पहिल्या क्वार्टरमध्येच विद्यापीठाचे तीन टचडाउन झाले, चेंडू तीनदा शेवटच्या रेषेपार गेला. दरवेळी सगळे उठायचे म्हणून तीही उठायची, गुडघे कुरकुरायचे. पण नजर तिनं सांगितलेल्या जागीच होती. व्हॉयचिक वाकायचा, चेंडू मागे द्यायचा, आडवा व्हायचा, उठायचा, पुन्हा येऊन वाकायचा. बघता बघता तिला तो कसा उठतो ते पाठ झालं, आधी डावा हात टेकवून. "काकू, तो बघा तुमचा व्हॉयचिक," पोरी म्हणायला लागल्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये होल्मनं एक चेंडू इतका उंच फेकला की तो उन्हात दिसेनासा झाला, आणि शेवटच्या रेषेपलीकडे खाली आला तेव्हा ओकोंक्वो तिथे होता. क्षणभर सगळं स्टेडियम गार पडलं. एवढ्या माणसांत त्यांच्या ओळीतल्या सात-आठ मराठी पोरी तेवढ्या किंचाळल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून, रागानं नाही, नवलानं त्यांच्याकडे बघितलं. त्यानंतरचा एक पॉइंटचा शॉट अडवला गेला. टचडाउनचे सहा. तेवढेच. मग पुन्हा विद्यापीठाच्या टीमचं सुरू झालं.

चौथ्या क्वार्टरमध्ये शिवचा फोन आला. तिनं एक कान बोटानं बंद केला.

"आई, आर यू स्टिल देअर? बावन्न-सहा झालेत!"

"बघतेय मी."

"नैना म्हणतेय, तू टीव्हीवर दिसतेस का बघ. कान्ट सी यू." मागे नात काहीतरी ओरडत होती. "बाबा असता तर एव्हाना पार्किंगमध्ये असता, यू नो."

"म्हणजे?"

"ही ऑल्वेज लेफ्ट अर्ली. ट्रॅफिक लागायच्या आत. थर्ड क्वार्टर संपला की चल. मला कधी पूर्ण मॅच बघू दिली नाही त्यानं."

नंदाला हसू फुटलं. एवढं मोठं, की प्रीतानं दचकून तिच्याकडे बघितलं. पुलांची काळजी घेणारा, समोरच्या टीमची नदीसुद्धा सांगणारा तो माणूस, आणि ट्रॅफिकला घाबरून शेवट न बघताच घरी यायचा. येऊन तिच्यासमोर सोफ्यावर पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, मस्त झाली मॅच. ती हसत राहिली, डोळे पुसत राहिली, आणि शिव पलीकडे "व्हॉट? व्हॉट?" विचारत राहिला. "काही नाही," ती म्हणाली. "रात्री फोन करते. पोरीला पापा दे."

आजूबाजूच्या ओळी रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. लोक घामेजलेले, समाधानी, रिकामे ग्लास हातात घेऊन पायऱ्या चढत होते. मैदानावर विद्यापीठानं आपले राखीव खेळाडू उतरवले होते. समोरच्या टीमकडे तेवढे राखीव नव्हते. तीच पोरं होती. घड्याळात थोडी मिनिटं उरली होती. प्रीतानं पिशवी खांद्याला लावली.

"काकू, निघायचं? आत्ता निघालो तर बसमध्ये जागा मिळेल."

"तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून," नंदा म्हणाली. "अजून खेळतायत ना ते."

प्रीता पायरीवर थांबली. तिनं मैत्रिणींना हात केला, त्या गेल्या. मग ती परत येऊन शेजारी बसली, डब्यातला मूठभर चिवडा घेतला आणि खाली बघत म्हणाली, "आता कितवा प्रयत्न आहे?"

"तिसरा," नंदा म्हणाली. "सात यार्ड पाहिजेत."